दार बंद झाल्यावर

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप येतो : तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा सकाळपासून रडतोय, कोणीतरी बघा. त्याखाली तक्रारींची रांग लागते. कोणाच्या घरात तान्हं मूल आहे, कोणी रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला आहे, आणि कुत्र्याचं रडणं अशुभ मानणाऱ्या एखाद्या आजी सगळ्या जिन्याच्या काळजीत पडलेल्या असतात. संध्याकाळी घरचे कुलूप उघडतात तेव्हा दाराची चौकट आतून सोललेली असते, पायपुसण्याच्या चिंध्या झालेल्या असतात आणि एरवी बाहेर नेल्याशिवाय शू न करणाऱ्या कुत्र्याने हॉलच्या मधोमध शू केलेली असते. ‘मुद्दाम केलंय त्याने, सोडून गेलो म्हणून राग काढलाय,’ असं ठरतं आणि त्या दिवशी कुत्र्याला मार बसतो.

असं ठरवणं चूक आहे आणि ती चूक कुत्र्याला फार महागात पडते. चौकट ओरबाडणारा कुत्रा त्या वेळी प्रचंड घाबरलेला असतो. हृदय जोरात धडधडतं, धाप लागते, लाळ थांबत नाही, आतडी आणि मूत्राशय ताब्यात राहत नाहीत. त्याच्या लेखी घरातलं माणूस गेलं आहे आणि ते परत येईल याची खात्री त्याला नाही. पशुवैद्यक याला ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. या प्रकरणात मी एकटेपणाची धास्ती म्हणेन.

‘पण त्याचा चेहराच सांगतो ना, आपण चुकलोय हे त्याला कळलंय!’ हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी बोललं जातं. कान पाडलेले, नजर चुकवलेली, शेपूट पोटाखाली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी हा अपराधी चेहराच तपासायला घेतला. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, ‘खायचं नाही’ म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्रा खाऊ खायचा, कधी नाही. परत आलेल्या मालकाला मात्र काही वेळा खरं सांगितलं जाई, काही वेळा खोटं. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अपराधी चेहरा कुत्र्याने काय केलं यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. खाऊला तोंडही न लावलेल्या आणि तरी बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहरा तर सगळ्यात अपराधी दिसला. म्हणजे आपण ज्याला कबुलीजबाब समजतो ती रागावलेल्या माणसासमोरची गयावया असते. सकाळी दहाला ओरबाडलेली चौकट आणि संध्याकाळी सातला बसलेला मार यांचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणूस जातं तेव्हा भीती वाटते आणि परत येतं तेव्हाही. एका भीतीच्या दोन होतात.

ही भीती येते कुठून? कुत्रा आणि माणूस किमान चौदा हजार वर्षं एकत्र राहत आले आहेत. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे सापडलेल्या तेवढ्या जुन्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा आहे. या सगळ्या काळात कुत्रा आपल्या अवतीभवतीच होता. शेतावर राखणीला, वाड्याच्या ओट्यावर, धनगराच्या कळपामागे, नाहीतर चहाच्या टपरीपाशी. माणसं कामाला गेली तरी गल्ली जागी असायची, दार उघडं असायचं. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना अनोळखी माणसाकडून खाऊ मिळाला तर काय होतं आणि डोक्यावरून हात फिरला तर काय होतं, हे पाहिलं. वारंवारच्या भेटींनंतर त्या कुत्र्यांचा विश्वास खाऊपेक्षा कुरवाळण्याने अधिक बसला. उकिरड्यावर पोट भरणाऱ्या प्राण्याची ही गत! अशा प्राण्याने कुलूपबंद वन-बीएचकेत दहा तास एकट्याने काढावेत ही अपेक्षा, दोघं नोकरीला जाणाऱ्या शहरी कुटुंबाबरोबर आलेली, अगदी अलीकडची आहे. ती त्याने विनातक्रार पुरी करावी असं आपण गृहीत धरतो, याचं मला नवल वाटतं.

बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या योझेफ टोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली या नात्याची रीतसर परीक्षा घेतली. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभराच्या मुलांसाठी एक प्रयोग बसवला होता : अनोळखी खोली, आई बाहेर जाते, परकं माणूस येतं, आई परतते, आणि मूल प्रत्येक वेळी काय करतं ते टिपायचं. हंगेरीच्या गटाने तोच प्रयोग ५१ कुत्रे आणि त्यांचे मालक यांच्यावर केला. मालक खोलीत असताना कुत्रे खेळले, कोपरे हुंगत हिंडले. मालक गेल्यावर दाराशी जाऊन उभे राहिले. परकं माणूस हजर असूनही खेळ मंदावला. लहान मूल आईच्या आधारावर जग बघतं, तसा कुत्रा आपल्या माणसाच्या आधारावर बघतो. हे नातं सगळ्याच कुत्र्यांचं असतं, पण सगळ्यांना धास्ती बसत नाही. हेलसिंकी विद्यापीठाने २०२० साली सुमारे १३,७०० फिनिश पाळीव कुत्र्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात एकटं राहताना त्रास होणारे कुत्रे साधारण ५ टक्के होते, आवाजाला घाबरणारे ३२ टक्के. ही दोन दुखणी पुष्कळदा जोडीने येतात. आपल्याकडे दिवाळीचे फटाके नाहीतर मिरवणुकीतले ढोल-डीजे कुत्रा घरात एकटा असताना वाजले, तर पुढे शांत दिवशीसुद्धा एकटं राहणं त्याला नकोसं होऊ शकतं.

घर बदलणं, घरातलं माणूस वारणं, मुलगा शिकायला परगावी जाणं, आधीच्या मालकाने टाकून देणं, यांतून धास्ती सुरू होते. २०२०च्या टाळेबंदीत घरी आलेल्या पिल्लांचं तर वेगळंच झालं. महिनोन् महिने चोवीस तास माणसांनी भरलेलं घर हेच त्यांनी पाहिलेलं जग होतं. ऑफिसं उघडली आणि एका सोमवारी ते रिकामं झालं.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या माइक मेंडल यांच्या गटाचं २०१० सालचं काम मला या विषयात फार महत्त्वाचं वाटतं. खोलीच्या एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतो, हे त्यांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांना शिकवलं. मग वाडगा त्या दोन जागांच्या मधोमध ठेवला. काही कुत्रे आशेने धावले, काही रेंगाळत गेले. एकटं ठेवल्यावर भुंकणारे, ओरबाडणारे कुत्रे रेंगाळणाऱ्यांत अधिक होते. म्हणजे माणूस समोर असतानासुद्धा त्यांचा एकूण कल ‘तिथे काही नसणार’ असं धरून चालण्याकडे होता. नासधूस दिसते ती दोन तासांची. मन त्याआधीच खचलेलं असतं.

आता निदान. इथे सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे जुना मोबाइल. पुस्तकांच्या फळीवर, दार दिसेल असा उभा करा, रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि नेहमीसारखे बाहेर पडा. धास्ती असलेला कुत्रा पहिल्या अर्ध्या तासातच, बहुधा पहिल्या काही मिनिटांतच ओळखू येतो. लॅच लागल्याचा आवाज होतो. कुत्रा दाराशी येतो, खालच्या फटीला नाक लावून श्वास ओढतो. खिडकीकडे जातो, परत येतो. पंखा चालू असतो, तरी जीभ बाहेर काढून धापा टाकतो. हनुवटीखालचे केस लाळेने चिकट होतात. फरशीवर ओले पंजे उमटायला लागतात, कारण कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना. लिफ्ट वर येताना ऐकू येते, कान टवकारतात, सगळं अंग थांबतं. लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर थांबते. मग मान वर करून तो लांब, एकसुरी हेल काढतो. जाताना टाकलेलं आवडीचं बिस्किट तिथेच पडलेलं असतं. हे चित्रीकरण एकदा पाहिलेला माणूस पुन्हा ‘राग काढतोय’ म्हणत नाही.

कंटाळलेल्या कुत्र्याचं चित्रीकरण अगदी निराळं दिसतं. तो तासभर झोपतो, उठून आळोखेपिळोखे देतो, चपलेचा जोड शोधून निवांत चावत बसतो, कुरिअरवाल्यावर भुंकतो आणि परत झोपतो. त्याला जास्त चालणं, हुंगायला वेळ आणि चघळायला काहीतरी मिळालं की काम भागतं. नुसतीच शू होत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, म्हातारपण किंवा अपुरी शिकवण यांचा आधी विचार करायचा. म्हाताऱ्या कुत्र्यात अचानक सुरू झालेल्या धास्तीमागे सांधेदुखी, कमी झालेली नजर किंवा मेंदूचं वार्धक्यही असतं. म्हणून पहिली फेरी दवाखान्याचीच.

उपचाराकडे वळण्याआधी एक जुनी पद्धत बाजूला सारायला हवी. ‘रडू दे, चार दिवसांत सवय होईल.’ गावाकडे पोहायला शिकवण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक, पोराला थेट विहिरीत ढकलायचं. दुसरी, पाठीला भोपळा बांधून पायरीपायरीने उतरवायचं. ढकललेली काही पोरं पोहायला शिकतात, काही जन्मभर पाण्याजवळ जात नाहीत. धास्ती बसलेला कुत्रा या दुसऱ्या पोरांतला असतो. दर वेळी एकटं राहताना तो घाबरतो आणि प्रत्येक घाबरण्याने पुढची भीती अधिक पक्की होते. सगळा उपचार उभा आहे तो एकाच नियमावर : जेवढा वेळ तो न घाबरता एकटा राहू शकतो, तेवढाच वेळ त्याला एकटं ठेवायचं.

हा वेळ सुरुवातीला पाच सेकंदांचाही असू शकतो. तिथूनच आरंभ करायचा. आधी निघण्याच्या खुणांची धार बोथट करून घ्यावी. किल्ल्यांचा खुळखुळाट, ऑफिसची बॅग, हेल्मेट, बूट यांतून कुत्र्याला आपण निघालो हे बरोबर कळतं आणि भीती तिथूनच चढायला लागते. मग दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर येऊन बसायचं. बूट घालून भाजी निवडायची. हेल्मेट हातात घेऊन टीव्ही लावायचा. कुत्र्याने त्याकडे मान वळवणं सोडलं की दाराकडे जायचं. दार उघडायचं, मिटायचं, परत यायचं. बाहेर पाऊल टाकायचं, तीन सेकंद, परत. परत आल्यावर सोहळा नको, साधं वागायचं. पुढच्या वेळी दहा सेकंद, मग चार, मग पंधरा, मग पुन्हा सहा. वेळ दर खेपेला वाढतच गेला तर कुत्र्याला ती चढण कळते, म्हणून मधे मधे सोप्या खेपा घालाव्यात. बाहेर उभं राहून मोबाइलवर त्याच्याकडे बघत राहावं. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, येरझारा, यांपैकी काही दिसू लागलं तर वेळ जास्त झाला. रडायला लागेपर्यंत थांबू नये. दिवसाला अर्धा तास हा सराव पुरतो, आणि आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी द्यावी.

पहिले काही आठवडे अत्यंत कंटाळवाणे असतात. तीस सेकंदांवरून पाच मिनिटांवर यायला कधी महिना लागतो. पण एकदा अर्ध्या-पाऊण तासाचा टप्पा पार पडला की पुढची वाट बहुतेकांना बरीच सोपी जाते, कारण एवढा वेळ शांत राहिलेला कुत्रा सहसा झोपी जातो.

खरी अडचण सरावाची नसते, उरलेल्या वेळाची असते. सकाळी अर्धा तास शिकवायचं आणि दुपारी सहा तास कोंडायचं, तर सकाळचं शिकवलेलं वाया जातं. म्हणून काही महिने कुत्रा त्याच्या मर्यादेपलीकडे एकटा राहणार नाही अशी घराची घडी बसवावी लागते. वाचून धसका घेऊ नका. कुत्र्याला माणूस हवं असतं, तुम्हीच हवेत असं बहुतेक वेळा नसतं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका, सुट्टीत कुत्र्याशी खेळायला आतुर असलेली शेजारची कॉलेजकन्या, चार पैसे जास्त देऊन दोन तास थांबणाऱ्या घरकामाच्या ताई, नवरा-बायकोने आलटून पालटून घरून केलेलं काम, शहरातलं एखादं चांगलं डे-केअर. ज्या घरांत कुत्रा बरा होतो, तिथे बहुतेकदा अशी माणसं जोडलेली आढळतात. मला तर हे उपचारातलं सगळ्यात मोठं काम वाटतं, आणि यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं.

खाऊने भरलेल्या रबरी खेळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला मर्यादा आहेत. सौम्य त्रास असलेल्या कुत्र्याला दही, शिजवलेलं रताळं, कुस्करलेली भाकरी भरून फ्रीजरमध्ये घट्ट केलेलं खेळणं चांगलं गुंतवून ठेवतं. चाटण्या-चघळण्याने मन निवतंही. पण घाबरलेला प्राणी खात नाही, किंवा खाऊ संपताक्षणी मान वर करून बघतो आणि मग भीती एकदम येते. खेळणं तुम्ही निघतानाच मिळत असेल तर तेही निघण्याची खूण होऊन बसतं, म्हणून ते तुम्ही घरी असतानाही देत जा. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं पीनट बटर कुत्र्यांना विषारी आहे, ते यात कधीही घालू नका.

पिंजऱ्याबद्दलही सावध राहिलं पाहिजे. लहानपणापासून पिंजऱ्यात खुशीने झोपणारा कुत्रा वेगळा. धास्तीच्या कुत्र्याला आयत्या वेळी कोंडलं तर तो गजांवर दात मोडून घेतो, नखं उपटून घेतो. भुंकलं की झटका देणारे पट्टे आवाज थांबवतात आणि भीती वाढवतात. ते वापरूच नयेत. जोडीला दुसरा कुत्रा आणण्याची कल्पनाही फारशी फळत नाही, कारण पहिल्याला माणसाची उणीव भासत असते, आणि कधी कधी दुसराही रडायला शिकतो. निघताना कुत्र्याकडे बघायचंच नाही हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. त्याला भक्कम आधार नाही. इटलीत २०१८ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात निघण्याआधी हलके कुरवाळलेले कुत्रे मागे अधिक शांत राहिलेले दिसले. तेव्हा शांतपणे पाठीवर हात फिरवून ‘येतो हं’ म्हणायला काहीच हरकत नाही.

औषधाबद्दल आपल्याकडे विनाकारण अढी आहे. धास्ती तीव्र असेल तर औषधाशिवाय सराव सुरूच करता येत नाही, कारण कुत्रा पाच सेकंदही शांत नसतो. क्लोमिप्रामिन या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमक्या याच दुखण्यासाठी १९९८ साली मान्यता दिली, फ्लुऑक्सेटिनला २००७ साली. ही गुंगीची औषधं नाहीत. रोज द्यावी लागतात, पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि सरावाबरोबर दिली तरच खरा फायदा होतो. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करता येतात. घरातल्या कोणाच्या गोळ्या अंदाजाने अर्ध्या करून देणं मात्र जिवावर बेतू शकतं. आणि नुसतं झोपवणारं औषध मागू नका. त्याने अंग सुस्तावतं, आत भीती तशीच राहते.

निरोगी कुत्र्यालाही किती वेळ एकटं ठेवावं, याला काही धरबंध हवा. स्वीडनच्या नियमांनुसार दिवसा निदान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर न्यावं लागतं. उप्साला इथल्या संशोधकांनी अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकट्या राहिलेल्या कुत्र्यांचं मालक परतल्यावरचं स्वागत तपासलं. अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत स्पष्टपणे जोरदार होतं. यातले कुत्रे धास्तीचे नव्हते, साधे निरोगी होते. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडूफिरू न देणं हा गुन्हा आहे. बाल्कनीत दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा हा त्यामुळे घरगुती मामला राहत नाही.

याच कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की सोसायटीला बहुमताने, अगदी एकमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. सूचना दाखवून भांडता येतं, पण मी तसं सुचवणार नाही. शेजाऱ्यांच्या दारावर जाऊन सांगा की कुत्रा आजारी आहे, उपचार चालू आहेत, इतके महिने लागतील, आवाज आला तर मला लगेच फोन करा. असा फोन करणारा शेजारी उद्या कुत्र्यासोबत तासभर बसायलाही तयार होतो.

या दुखण्यापायी अनेक कुत्रे देऊन टाकले जातात, काही तर टेकडीवर किंवा हायवेला सोडले जातात. माणूस गेल्याच्या भीतीने आजारी पडलेल्या प्राण्याला पुन्हा एकदा माणूस सोडून जातं, आणि नव्या घरी तीच धास्ती अधिक वाढते. तुमच्या घरात असा कुत्रा असेल आणि तुम्ही त्या निर्णयाशी येऊन ठेपला असाल, तर त्याआधी तीन गोष्टी करा. त्याचं चित्रीकरण घेऊन पशुवैद्यांकडे जा, औषध सुचवलं तर नाही म्हणू नका, आणि सहा महिने त्याला त्याच्या सोसण्यापलीकडे एकटं ठेवू नका. पुष्कळ कुत्रे तेवढ्यात सुधारतात.